गिळलेला ‘असतो’

पाहुण्याला बरं वाटावं, एवढाच कवळीवाल्यांचा हेतू होता. बायकोचा धाकटा भाऊ जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून एका बर्फाळ सुळक्याबद्दल बोलत होता. त्याच्याबरोबर एकाच दोरीला बांधून चढणारा तिसरा गडी न्हाणीघरात घसरून पाय मोडून बसला होता आणि मोहीम अडली होती. मेहुण्याचा चेहरा अगदी उतरला होता. कवळीवाल्यांनी मोठा घास तोंडात भरला आणि हळहळून म्हटलं, "आधी सांगायचंस ना रे! मी आलो असतो."

यातला ‘असतो’ घासाबरोबर पोटात गेला. मेहुण्याला ऐकू आलं ते एवढंच, "मी आलो!"

त्याने उठून भावोजींना असं कवटाळलं, की उरलेला घासही न चावताच खाली गेला.

आता कवळीवाले म्हणजे दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणारे गृहस्थ. दिवसभर दिव्याखाली मान घालून दात घासायचे (दुसऱ्यांचे). उंचीशी त्यांचं जन्माचं वाकडं. घरातला बल्ब गेला की बायकोने स्टुलावर चढायचं आणि त्यांनी खालून स्टूल धरायचं, तेही डोळे मिटून. सुळका तर सोडाच, त्यांच्या आयुष्यात सुळ्याहून उंच काही आलंच नव्हतं.

तरी ते लगेच घाबरले नाहीत. बायको होती ना! आभाळ भरून आलं तर ती त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानातही जाऊ देत नसे. त्यांनी मोठ्या आशेने तिच्याकडे पाहिलं.

"जा ना," ती नकाशावरची नजर न काढता म्हणाली. "घरातून कुणीतरी जायलाच हवं."

कवळीवाल्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

मेहुणा रोज संध्याकाळी येऊ लागला.

"इथून कडा सुरू. इथे जरा बघून पाय टाकायचा, भावोजी."

"न बघता टाकला तर?"

"मग पुढे बघायला काही उरतच नाही," तो खदाखदा हसला. "आणि ही धार. दोन्ही बाजूंना मोकळं."

"मोकळं म्हणजे... मैदान?"

"मोकळं म्हणजे काहीच नाही!"

कवळीवाल्यांची झोप उडाली. डोळा लागला की ती धार दिसायची आणि ते उशी घट्ट धरून जागे व्हायचे. कामात चुका होऊ लागल्या. एका आजोबांच्या कवळीत समोरचा दात उलटा बसला. (आजोबा हसले की नातवंडं रडतात, अशी डॉक्टरांची तक्रार आली.) एकदा मनाचा हिय्या करून त्यांनी सुरुवात केली, "अगं, मला जरा..."

"तुम्ही जाताय ना, मला फार बरं वाटतंय," बायको म्हणाली. इतक्या कौतुकाने तिने त्यांच्याकडे लग्नातही पाहिलं नव्हतं.

शेवटी त्यांनी एक बेत केला. पाय मुरगळून घ्यायचा. फार नाही, बेताचाच. मेहुण्याने सवय व्हावी म्हणून जाड बूट, बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे आणि दोर घरी आणून ठेवले होते. सराव करताना मुरगळला म्हटलं की कुणाला शंका येणार नाही, उलट सगळे हळहळतील. रविवारी दुपारी बायको माहेरी जाताच त्यांनी कपाटापाशी स्टूल मांडलं, काटे बांधले आणि कपाट धरून वर चढले. आता फक्त उडी मारायची.

पण उडी मारायला भीती वाटत होती! जमीन फार खाली दिसत होती. नुसतं उतरावं म्हटलं, तर तेही जमेना. डोंगरावरून पडायच्या भीतीने मुद्दाम पडायला निघालेला माणूस पडायच्याच भीतीने स्टुलावर अडकून पडला होता.

तासाभराने दारावरची घंटा वाजली. ते दचकले, स्टूल निसटलं आणि हातात कपाटाची कड तेवढी राहिली. पुढचं कसं घडलं, ते त्यांना आजही सांगता येत नाही. भान आलं तेव्हा ते कपाट आणि छत यांच्यामधल्या जागेत पालथे पडले होते आणि कपाटाच्या दारावर वाघाने ओरबाडल्यासारख्या रेघा होत्या.

कुणी उघडेना म्हणून बायको किल्लीने दार उघडून आत आली. बरोबर मेहुणा होता आणि सासूबाई.

"अहो, कुठे आहात?"

"वर," छताजवळून आवाज आला.

"वर काय करताय?"

"स... सराव."

मेहुण्याने त्या रेघांवरून बोट फिरवलं. "दोराशिवाय! सरळ उभ्या भिंतीवर! भावोजी, आता दोरीवर सगळ्यांत पुढे तुम्हीच!"

‘पुढे’ ऐकलं आणि कवळीवाल्यांचा बांध फुटला. "मला नाही यायचं! मला भीती वाटते! डोंगराची वाटते, स्टुलाची वाटते, आत्ता या कपाटाचीही वाटते! मला खाली घ्या!"

खाली बघायची सोय नव्हती, त्यामुळे बायकोचा चेहरा कसा झालाय हे कळेना.

"दोर दे," ती भावाला म्हणाली. स्टूल सरळ करून ती झपकन कपाटावर आली, त्यांच्या काखेखालून दोर घेतला आणि न बघता गाठ मारली. "डोळे मिटा. मी धरलंय." मग दोर स्वतःच्या कमरेवरून घेऊन तिने त्यांना गाठोड्यासारखं अलगद खाली सोडलं.

"हात विसरलेला नाही तुझा, ताई," मेहुणा म्हणाला. लग्नाआधी त्याच्या दोरीवर सगळ्यांत पुढे तीच असायची.

कवळीवाले जमिनीला टेकून बसले आणि वर बघत राहिले. "तुला जायचंय, हे बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

"मग आता विचारतो. जातेस?"

उत्तर यायच्या आत ती उडी मारून खाली आली होती.

निघायच्या दिवशी कवळीवाल्यांनी तिच्या दोराची वीत न् वीत तपासली. आता भीती तिच्यासाठी होती, आणि ही भीती जास्तच वाईट होती. भाऊबहीण गाडीत बसून निघून गेले. दारात सासूबाई भली मोठी बॅग घेऊन उभ्या होत्या, डोळ्यांना रुमाल लावून.

"आई, रडू नका," कवळीवाले कसाबसा धीर एकवटून म्हणाले. "तिला काही होणार नाही."

"तिची कुठे काळजी आहे मला, जावईबापू!" सासूबाईंनी नाक पुसलं आणि बॅग आत सरकवली. "तुम्ही घरात एकटे, म्हणून जीव थाऱ्यावर नाही. ती येईपर्यंत मी इथेच आहे. आणि आधी ती गादी पलंगावरून खाली घ्या. झोपेत पडलात, तर तिला तिथे वर निरोप कुठून पाठवू?"