बोंडअळीचा चौदावा खर्डा

इलाताईंचा पुण्याहून फोन आला तेव्हा शाल्मली अळीचं डोकं रंगवत होती. डोकं तपकिरी, अंगावर गुलाबी पट्टे, लांबी बारा मिलिमीटर. नमुना म्हणून समोर काचेच्या बरणीत एक जिवंत बोंडअळी ठेवली होती. ती एका जागी मुळीच बसत नव्हती.

"तेरावा खर्डा चांगला झालाय," इलाताई म्हणाल्या. त्या मुलांची चित्रपुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनाच्या संपादक. "पण शेवट अजून गोड व्हायला हवा. गुल्लूला घर मिळालंय असं मनापासून वाटू दे. आणि एक फॉर्म पाठवलाय. वीसेक मुलांना गोष्ट वाचून दाखव, ती काय करतात ते लिही, शुक्रवारी चारच्या आत पाठव. त्यावर यंदाची यादी ठरेल. नाही जमलं तर पुढच्या वर्षी बघू."

'पुढच्या वर्षी बघू' हे शाल्मलीनं मागच्या वर्षीही ऐकलं होतं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर सावंगीला प्रयोगशाळेत मिळत असलेली नोकरी तिनं या पुस्तकासाठी सोडली होती.

"गोष्ट किती शब्दांची आहे गं?" आईनं, म्हणजे इंदिराबाईंनी, स्वयंपाकघरातून विचारलं.

"दोनशे अकरा."

"अन् वर्षं किती झाली?"

"दीड."

इंदिराबाई गणिताच्या शिक्षिका होत्या. त्यांनी भागाकार केला आणि उत्तर स्वतःजवळच ठेवलं.

गोष्टीचं नाव 'गुल्लूचं घर'. गुल्लू ही एक छोटी गुलाबी बोंडअळी. तिला वारा उडवतो, कोंबडी हाकलते, थंडी वाजते आणि शेवटी घरामागच्या पऱ्हाटीच्या ढिगात, एका वाळक्या बोंडात तिला जागा मिळते. कापूस वेचून झाला की लोक पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटून चुलीसाठी रचून ठेवतात आणि बोंडअळी खरोखर तिथेच मुक्काम करते. शास्त्रीयदृष्ट्या गोष्टीत एकही चूक नव्हती. चूक होती ती भूगोलाची. कापसावर जगणाऱ्या तिच्या देवळी गावात जिचं नाव लोक शिवी दिल्याशिवाय घेत नाहीत, ती शाल्मलीनं नायिका केली होती.

बुधवारी तिनं दुसरीच्या वर्गात गोष्ट वाचली. पटावर चोवीस, हजर बावीस. कोंबडीच्या पानावर पहिल्या रांगेतल्या मेघानं डोळे गच्च मिटून घेतले. गोष्ट संपल्यावर तिनंच हात वर केला.

"मॅडम, गुल्लू खरंच ढिगात राह्यते?"

"हो, खरंच."

"आमच्या आबाच्या ढिगात पण?"

मुलांना खोटं सांगायचं नाही, हे शाल्मलीचं तत्त्व होतं. "असू शकेल. वाळलेलं बोंड उघडून बघ. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या, तर समज आत गुल्लू आहे."

वर्गात एकदम शांतता पसरली. शाल्मलीनं फॉर्मवर लिहिलं, 'मुलांनी लक्षपूर्वक ऐकलं.'

किती लक्षपूर्वक, ते गुरुवारी सकाळी कळलं. दारात नऊ मुलं उभी होती. कोणाच्या हातात कंपासपेटी, कोणाच्या हातात काडेपेटी, एकाकडे आजोबांच्या चष्म्याचं घर.

"मॅडम, हा माहा गुल्लू हाय."

"माह्याकडे तीन हायेत!"

"मॅडम, इनं माहा गुल्लू चोरला!"

अकरा वाजेपर्यंत एकतीस अळ्या जमल्या, बारापर्यंत त्रेपन्न. बरण्या संपल्या तशी शाल्मलीनं आईच्या लोणच्याच्या बरण्या धुतल्या. सवयीनं प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवली: कोणाचा ढीग, कोणती तारीख, किती अळ्या.

एक वाजता रामाजी आले. शाल्मलीच्या घरामागे स्वयंपाकघराच्या खिडकीवर चढलेला पऱ्हाटीचा ढीग रामाजींचा, आठ एकराचा कापूस रामाजींचा आणि मेघा त्यांची नात. त्यांच्या मागे आणखी चार शेतकरी होते.

"पोरी, हे काय लावलं तू?" रामाजी दारातूनच गरजले. "आमी वर्षभर याले मारून राह्यलो, अन् तू याले शाळेत घालून राह्यली?"

"काका, नुसती गोष्ट आहे हो."

"गोष्ट? माहा फवारणीचा पंप लपवला मेघानं! म्हणते, आबा, गुल्लूले खोकला येईन."

"माह्या डब्यात निंगाली," मागून एक जण म्हणाला. "भाजीसंगं खाऊनच टाकली असती."

"शेवट बदल," रामाजींनी हुकूम सोडला. "शेवटी औषध मार. खतम."

"संपादकांना गोड शेवट पाहिजे, काका."

"मंग गोडच हाय ना! आमच्यासाठी."

तेवढ्यात कृषी सहायक अश्वजित मोटारसायकलवरून उतरला. देवळीत एका घरी बोंडअळ्या पाळून राह्यले, असा त्याला फोन गेला होता. तो घरात आला, बरण्या पाहून थबकला आणि मग वाकून एकेक चिठ्ठी वाचू लागला.

"रामाजी, या एकोणीस तुमच्या ढिगातल्या?"

"एकोणीस?"

"तारखेसकट लिहिलं हाय. चार वर्षांपासून पोस्टर लावून राह्यलो, पऱ्हाटी ठेवू नका, अळी त्यातच राह्यते म्हणून. तुमी त्या पोस्टरात भजे बांधून नेले."

रामाजींनी बरणीकडे पाहिलं, मग मागच्या खिडकीबाहेर आपल्या ढिगाकडे. "कुट्टीचं मशीन कधी भेटते?" त्यांनी विचारलं.

शुक्रवारी सकाळी ट्रॅक्टरला जोडलेलं कुट्टीचं यंत्र आलं. दुपारपर्यंत पाच ढिगांचा भुगा झाला. बरण्या अश्वजित घेऊन गेला. इंदिराबाईंच्या स्वयंपाकघरात दोन वर्षांनी ऊन आलं. आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून बावीस वाचक हुंदके देत होते, कारण गुल्लूचं घर गेलं होतं.

साडेतीनला शाल्मली फॉर्म भरायला बसली. तिची पाठ दुखत होती आणि हातांना लोणच्याचा वास येत होता.

'गोष्ट ऐकून मुलांनी स्वतःहून काय केलं?' त्रेपन्न अळ्या गोळा केल्या.

'मुलांना नायकाबद्दल आपुलकी वाटली का?' बावीसपैकी बावीस मुलं रडली.

'तुम्हाला काय बदलावंसं वाटतं?' गाव.

'पालकांचा प्रतिसाद' ही चौकट तिनं कोरीच ठेवली. चौदाव्या खर्ड्याचं शेवटचं पानही कोरंच होतं. ढिगातलं घर आता तिलाच लिहवत नव्हतं.

दार वाजलं. रामाजी एकटेच होते. त्यांनी मागं वळून रस्ता पाहिला, आत येऊन दार लोटलं आणि खिशातून काडेपेटी काढली. तिला सुईनं तीन भोकं पाडलेली होती.

"मेघा कालपासून जेवली नाई," ते हळूच म्हणाले. "एक तरी राहू द्या म्हणते. म्हटलं, राहू दे एक. कोणाले सांगू नको."

"काका, तुम्ही?"

"एकटी अळी काय करते? तूच सांग, तू शिकलेली हाय."

शाल्मलीनं प्रामाणिकपणे विचार केला. "पेटीबाहेर गेली नाही, तर काही नाही."

"तेच म्हटलं मी." रामाजींनी काडेपेटी कानाशी धरून ऐकलं. "मंग याले खायले काय द्या लागते?"

"सरकी."

रामाजींनी काडेपेटी कानापासून खाली घेतली.

"ते तं मी याले सहा वर्षांपासून देऊनच राह्यलो," ते म्हणाले आणि पेटी दुपट्ट्यात गुंडाळून निघून गेले.

शाल्मलीनं शेवटचं पान लिहिलं. गुल्लू एका आबांच्या खिशातल्या काडेपेटीत राहायला जाते. आबा रागीट आहेत, पण पेटीला त्यांनी तीन खिडक्या केल्या आहेत. हाच परिच्छेद तिनं 'पालकांचा प्रतिसाद' या चौकटीतही उतरवला. नाव लिहिलं नाही. तीन अठ्ठावन्नला सगळं पाठवलं आणि टेबलावर डोकं टेकलं.

सव्वाचारला इलाताईंचा मेसेज आला. 'शेवट फारच गोड! पुस्तक यंदाच्या यादीत घेतलं. फक्त एक छोटीशी गोष्ट, अळीच्या जागी ससा चालेल का?'

शाल्मलीनं डोकं न उचलता, एका बोटानं उत्तर लिहिलं.

'ससा काडेपेटीत मावत नाही.'