हेक्ला हजर आहे काय?

आइसलँडहून आणलेल्या हेक्ला या घोडीचे पैदास-मूल्यांकन अबू धाबीबाहेरच्या आमच्या तबेल्यात मे महिन्यात ठरले. नापास झाली तर तिला विकायची, असे मालकांनी सांगून ठेवले होते. तिचा मोतद्दार तय्यब, म्हसळ्याचा. मी महादू, शेजारच्या घोड्याचा मोतद्दार.

बर्फासाठी वाढलेले केस अंगावर घेऊन घोडी धापा टाकू लागली. डॉक्टरांनी लेखी सल्ला दिला आणि तय्यबने केस कातरले. त्या रात्री तिने आठवड्यात पहिल्यांदा पोटभर वैरण खाल्ली.

मूल्यांकन समितीचे सचिव परेशसाहेब आले. घोडीचा पासपोर्ट पाहिला, घोडी पाहिली आणि लिहिले, “घोडी गैरहजर.”

“साहेब, ही काय समोर उभी आहे!”

“तय्यबभाई, पासपोर्टवर केसाळ घोडी आहे. नियम नऊ. नैसर्गिक केशसंभार अनिवार्य.”

“मानेतली चिप तरी चेक करा.”

नंबर जुळला. “चिप हजर,” साहेबांनी नोंदवले. “घोडीचं काय? केस परत कधी येणार?”

“थंडी पडली की.”

“इथे?”

“इन्शाल्ला.”

एवढ्या भरवशावर समितीला राहता येईना. मुसफ्फाच्या कारखाने-गोदामांच्या वस्तीत एका कोल्ड स्टोरेजमध्ये खोली घेण्यात आली. शेजारी कोळंबी, इकडे हेक्ला, आठ डिग्री. तय्यब भर जुलैत कानटोपी घालून तिला खरारा करी. “कामाला फुल एसी आहे,” त्याने बायकोला फोनवर सांगितले. साजिदाने मोहल्ल्यात पेढे वाटले.

ऑगस्टअखेर केस आले. बाहेर सेहेचाळीस डिग्री होते. परीक्षक एसीच्या तंबूत बसले. खुरांची मापे झाली, नालांची जाडी झाली, तोंडात बॅटरी मारून झाली.

“यल्ला, आता ट्रॅकवर चार फेऱ्या,” परेशसाहेब म्हणाले.

तय्यबने लगाम सोडला नाही. “नाही नेणार. तिच्या अंगावर हे कांबळं तुम्हीच चढवलंत. मरेल ती.”

“नकाराचा अधिकार फक्त मालकांना. नियम सतरा.”

“मग अठराही वाचा, साहेब.”

कोल्ड स्टोरेजमध्ये तीन महिने वाचायला दुसरे काहीच नव्हते. तय्यबने समितीचे नियमांचे पुस्तक मोबाइलवर मराठी करून पाठ केले होते. नियम अठरा : परीक्षकांनी फेऱ्या संपेपर्यंत ट्रॅकलगत उघड्यावर उभे राहावे.

परीक्षकांनी तंबूबाहेर पाहिले. तातडीची बैठक झाली. चालीचे गुण कागदपत्रांवरूनही देता येतात, असा ठराव एकमताने मंजूर झाला. चाल : आठ पूर्णांक चार. स्वभाव : दहापैकी दहा, “भर उन्हातही शांत.” घोडी राहिली. तय्यबने तिच्या मानेत तोंड खुपसले. आम्ही मोतद्दारांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी त्याला मालकांचे पत्र मिळाले. अधिकार नसताना नियम वाचल्याबद्दल सेवा समाप्त. खलास.

पत्रावर दोन साक्षीदार हवे होते. पहिली सही माझी आहे. तुम्ही केली नसती म्हणता? बरं. तुमचा व्हिसा कुणाच्या हातात आहे, तेवढं सांगा.