सतराव्या पानापर्यंतचा मेंदू

माझ्या मेंदूचा मला पहिल्यापासून अभिमान आहे. बायकोला तो कधी दिसलेला नाही. (मेंदू म्हणतोय मी. अभिमान तिला रोज दिसतो.)

रक्तातली साखर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "महिनाभर रोज चाला, गोड बंद. उतरली नाही, तर इंजेक्शन." सुईचं नुसतं नाव काढलं तरी माझी बोबडी वळते. तरीही चौथ्याच दिवशी मी चालणं सोडलं. कारण तसं भक्कम होतं.

मी छापखान्यात प्रुफं तपासतो. आमची वाटणीच अशी, की विषम पानं माझी आणि सम पानं शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्यांची. त्या दिवशी एका आरोग्य मासिकाचं सतरावं पान माझ्यापुढे आलं. मेंदूत पेप्टाइडं नावाची निरोप्याचं काम करणारी बारीक रसायनं असतात, त्यांतली काही भुकेला लगाम घालतात, वजन उतरवतात, साखर ताब्यात ठेवतात, असं त्यात होतं. शेवटची ओळ होती, 'विशेष म्हणजे व्यायामाशिवाय हा परिणाम दिसून आला तो'. तिथे पान संपलं. मी वेलांटी तपासली, सही ठोकली आणि घरी येऊन बूट माळ्यावर टाकले.

"अहो, चालायला नाही जायचं?" बायकोने विचारलं.

"पायांचं काम संपलं. आता सगळं डोक्याने!"

मी रोज सकाळी मेंदूला कामाला लावू लागलो. शब्दकोड्याचा एक शब्द सुटला की एक क्रीमचं बिस्किट. (अवघड शब्दाला दोन.) पँटचं बटण तुटून पंख्यापर्यंत उडालं, तेव्हा मी दोष शिंप्याला दिला.

महिन्याने रिपोर्ट आला. साखर वर, वजन चार किलो वर.

"चालत होतात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

मी छाती पुढे काढून, मासिकाचं नाव आणि पान सांगून त्यांना पेप्टाइडं समजावून सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. माणूस भारावला, असं मला वाटलं. तेवढ्यात बरोबर आलेल्या बायकोने डॉक्टरांच्या टेबलावरचं तेच मासिक उचलून पान उलटलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "'प्रयोगशाळेतल्या उंदरांत. माणसांनी मात्र चालणं सोडू नये.' अठरावं पान!"

"ते चष्मेवाल्यांचं," मी म्हणालो. "सतराव्यावर एक तरी चूक दाखवा!"

डॉक्टरांनी खरंच शोधली. सापडली नाही. त्या क्षणी माझा ऊर भरून आला. मग त्यांनी इंजेक्शन लिहून दिलं.

आता माघार घेणं माझ्या इभ्रतीला शोभलं नसतं. तिथेच सिस्टरपुढे मी पोटावरचा शर्ट वर केला, डोळे गच्च मिटले, दात आवळले. पोटाला गारेगार काहीतरी झोंबलं. हूं की चूं केलं नाही. सगळं सोसून झाल्यावर डोळे उघडले आणि बायकोकडे ताठ मानेने पाहिलं.

"बघितलंस?"

"बघितलं," ती म्हणाली. "कापसाने पुसून झालंय. सिस्टर आता सुई आणायला गेल्यात."