बाहेरच्यांविरुद्धच्या सभेचा प्रमुख पाहुणा

प्रीतम मेश्राम कॅनडाहून मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आला, तेव्हा भरपूर झोप, आईच्या हातचं जेवण आणि वैनगंगेच्या काठावर एखादी संध्याकाळ, एवढाच त्याचा बेत होता. भाषण करायचा बेत नव्हता. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी तो दूध आणायला निघाला आणि गल्लीच्या तोंडाशी तुंबलेल्या नालीपाशी थांबला. थांबला तो थांबला, वर बोललाही.

"आमच्याकडे असं एक दिवस चाललं नसतं," तो दूधवाल्याला म्हणाला. "आपल्या लोकांना राजकारणच कळत नाही."

'आमच्याकडे' म्हणजे नेमकं कुठं, हे दूधवाल्यानं विचारलं नाही. त्यानं फक्त ते वाक्य दुधाबरोबर घरोघर पोचवलं.

संध्याकाळी दुलीचंद दारात हजर. दुलीचंद नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहणार, हे सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. पक्षानं अजून सांगितलं नव्हतं, एवढंच. त्याच्या वाटेत एकच काटा होता, खताच्या दुकानाचा मालक तेजराम. त्यालाही तिकीट हवं होतं आणि तो मूळचा वारासिवनीचा होता. वारासिवनी बालाघाटहून बसनं जेमतेम अर्ध्या तासावर, पण दुलीचंदच्या बोलण्यात ती समुद्रापार होती.

"काकाजी," तो प्रीतमच्या वडिलांना, हिरालालना म्हणाला, "रविवारी सभा ठेवली हाय. 'बाहरी नहीं चलेगा.' प्रमुख पाहुने म्हनून आपला प्रीतम पाह्यजे. अंतरराष्ट्रीय मानूस हाय."

"मी राजकारणावर बोलत नाही," प्रीतम म्हणाला. हे तो चहा घेताघेता पाऊण तास राजकारणावर बोलून झाल्यावर म्हणाला. त्या पाऊण तासात त्यानं आधी दिल्ली सुधारली, मग भोपाळ, आणि शेवटी कॅनडाकडे वळला. "तिकडंही हाच ताप आहे. हे नवीन पोट्टे येऊन राह्यले ना, लोंढेच्या लोंढे! सगळी व्यवस्था बिघडवली त्यांनी. आम्ही गेलो तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"कशी वेगळी?" आईनं, सीताबाईंनी विचारलं.

प्रीतमनं थोडा विचार केला. "आम्ही आधी गेलो होतो."

"बस! हेच बोला सभेत!" दुलीचंद उठून उभा राहिला, आणि हिरालालनी मुलाच्या वतीनं होकार देऊन टाकला.

कॅनडाहून प्रीतमच्या बायकोचा, साधनाचा, फोन आला तेव्हा तिला हे ऐकून हसावं की रडावं ते कळेना. "बाबांना सांगितलंस का?"

"सांगतो ना."

"दोन वर्षं सांगतोच आहेस. आणि आता बाहेरच्या लोकांविरुद्ध भाषण करणार? तू?"

गोष्ट अशी होती, की दोन वर्षांपूर्वी प्रीतमनं हात वर करून शपथ घेतली होती आणि तो कॅनडाचा नागरिक झाला होता. त्याबरोबर इथलं नागरिकत्व संपलं. आता तो स्वतःच्या गावात परदेशी झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या एका कार्डावर येत असे. त्या कार्डावर हवं तितकं राहता येत होतं. मत देता येत नव्हतं आणि निवडणुकीलाही उभं राहता येत नव्हतं. तेव्हा फोनवर तो वडिलांना एवढंच म्हणाला होता, "बाबा, इथलं पक्कं झालं." हिरालालना वाटलं नोकरी पक्की झाली. त्यांनी अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले. एकदा पेढे वाटले गेल्यावर खरं सांगणं फार जड जातं.

शुक्रवारी चौकात फ्लेक्स लागला. छापणाऱ्यानं प्रमुख पाहुण्याचा फोटो एवढा मोठा केला, की दुलीचंदला कोपऱ्यात, तेही अर्धंच बसावं लागलं. दुपारपर्यंत वॉर्डाची खात्री पटली, की प्रीतम स्वतःच उभा राहतोय. रामपायलीहून आत्याचा, गोदाबाईचा, फोन आला, "पोरगं उभं राहून राह्यलं, अन् आमाले सांगतलं बी नाही?" आणि पाठोपाठ दुलीचंद घाम पुसत आला.

"काकाजी, काय ऐकून राह्यलो मी? सभा माही, मांडव माहा, अन् उमेदवार तुमचा?"

हिरालालनी त्याच वेळी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण सगळा जन्म रेल्वेत दुसऱ्यांच्या गाड्यांना झेंडी दाखवण्यात गेला होता. कुणी घाबरून त्यांच्या दाराशी येण्याची ही पहिलीच वेळ होती.

"पाहू," ते म्हणाले.

राजकारणात 'पाहू'चा अर्थ एकच होतो. दुलीचंद चहा न पिता गेला, पण फ्लेक्स लागला होता, सभा आता मागं घेता येत नव्हती. प्रीतमनं धीर एकवटला. "बाबा, मी उभा राहू शकत नाही."

"काहून? तब्येत बरी नाही का?"

"तब्येत बरी आहे."

"मंग राह्य ना," असं म्हणून हिरालाल नवा पांढरा सदरा शिवायला टाकायला बाहेर पडले.

रविवारी मांडव भरून गेला. आत्या हारांच्या टोपल्या आणि गाडीभर नातेवाईक घेऊन आली होती. हिरालाल नव्या सदऱ्यात पहिल्या रांगेत बसले होते. अगदी मागं, दाराजवळ, तेजरामही येऊन बसला होता. प्रीतमनं सांभाळून सुरुवात केली. ओला कचरा, सुका कचरा, रांगेत उभं राहायची सवय. टाळ्या पडल्या. तो खाली बसणार, तेवढ्यात दुलीचंद ओरडला, "बाहरी लोगों पर भी बोलिए!"

"गावाचा कारभार," प्रीतम म्हणाला, "गावच्याच माणसानं…" आणि वाक्य अर्धं सोडून त्यानं पाण्याचा ग्लास उचलला.

मागून तेजराम उठला. आवाज शांत होता. "साहेब, मी वारासिवनीचा. बाहेरचा मानूस. पन माहं मत याच वार्डात हाय, दर खेपेले टाकतो. तुमी उभे राहून राह्यले असं ऐकलं, म्हनून इचारतो. तुमचं मत कोन्या वार्डात हाय जी?"

प्रीतमनं वडिलांकडे पाहिलं. सदऱ्याची इस्त्री अजून मोडली नव्हती. खोटं बोलता आलं असतं. "माझं मत इथं नाही," तो म्हणाला.

"मंग? भोपाळले?"

"कॅनडात. मी तिकडचा नागरिक झालो. दोन वर्षं झाली. कायद्यानं बघितलं तर मी… मी बाहेरचा आहे."

त्याच्या पाठीमागं फुटाफुटाच्या अक्षरांत 'बाहरी नहीं चलेगा' लिहिलेलं होतं. आत्याच्या हातातला हार हातातच राहिला.

"मंग वारासिवनी जवळ हाय," असं म्हणून तेजराम खाली बसला.

आधी एकजण हसला, मग सगळी सभाच हसली. दुलीचंदनं माइक ओढून घेतला आणि चहा तयार असल्याचं जाहीर केलं.

हिरालाल पुढं पुढं चालत घरी आले. दाराशी चपला काढताना थांबले.

"तुले इथं मत नाही?"

"नाही, बाबा."

"उभं बी राहता येत नाही?"

"नाही."

"मंग आल्यापासून इतका बोलून कायले राह्यला?"

हिरालाल आत गेले. त्यांनी बातम्या लावल्या नाहीत, जेवणही अर्ध्यावर सोडलं. प्रीतम आईजवळ जाऊन बसला. ती म्हणाली, "मनावर नको घेऊ. त्याइले तू गेल्याचं दुख नाही. गेल्याचं उशिरा समजलं, त्याचं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुलीचंद पुन्हा दारात. सोबत एक तरुण मुलगी आणि हातात मिठाईचा डबा. आता भांडण होणार म्हणून प्रीतम बनियनवर शर्ट चढवून पुढं आला. पण दुलीचंदचा आवाज सभेतला नव्हता.

"भाऊ, हे माही पोरगी, राखी. नर्सिंग केलं तिनं. पुढच्या महिन्यात कॅनडाले चालली, शिकाले. वार्डात बोललो नाही कुनाले. निवडनूक हाय ना." तो थोडा पुढं वाकला. "तिथं आपल्या ओळखीचं कोनीच नाही जी. तिथले लोक बाहेरच्या मानसाइले कसे वागवतेत?"

या विषयावर प्रीतमचं भाषण तयार होतं. पण राखी पापणी न हलवता त्याच्याकडे बघत होती, आणि भाषणाचं पहिलं वाक्यच जिभेवर येईना.

तेवढ्यात आतून हिरालाल आले. अंघोळ झालेली, अंगात कालचाच सदरा.

"त्याले काय इचारता, मले इचारा," ते म्हणाले. "पोरगं तिथलं झालं ना? चांगली शपथ घेऊन झालं. म्हंजे तो देश आता आपलाच झाला. पाठवा पोरीले. आपल्याच घरी राहील."

"बाबा, साधनाला विचारायला…"

"सुनेले सांग, एक खोली रिकामी करून ठेव म्हना." दुलीचंदनं पुढं केलेला डबा त्यांनी उघडला, पहिला पेढा राखीच्या हातावर ठेवला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"भिऊ नको, बाई. तिथं तुले कोनी बाहेरची म्हनलं, त मले फोन लावजो."