‘उद्या बंद’ नामे अल्बमाची हकीकत

श्रीनाददेवता प्रसन्न असो, तारा सुरात राहोत, ऐकणाराचे कान शाबूत राहोत. शके एकोणीसशे पंधरा, श्रीमुखनाम संवत्सरे, कार्तिकमासी शुक्लपक्षी या राज्यात एक अल्बम बाहेर आला आणि कोणासही कळले नाही. तो कैसा निपजला, कैसा पडून राहिला, आणि पुढे त्याजवरून शहरात तलवारी कैशा उपसल्या, ही हकीकत हुजूर आज्ञेवरून लिहितो, ती येणेप्रमाणे.

राज्य मोठे, त्याचे नाव सांगणे नलगे. राजधानीत तांबट आळीस रखमाजी तांबट म्हणोन गृहस्थ होते. घरचा धंदा भांडी ठोकण्याचा, परंतु चित्त गिटारीत. आवाज गोड म्हणावा ऐसा नव्हता, परंतु ऐकणारास आपलेच मन बोलते ऐसे वाटे. त्यांनी गोदूबाई वाकणकर यांस जोडीस घेतले. बाई ड्रम वाजवीत आणि हात ऐसा जड की शेजारच्या फळीवरील ताटे आपसूक खाली उतरत. तिसरे हैबती डुबल, जाड तारांची गिटार वाजवीत आणि वाजविताना काही तरी चघळीत. या तिघांनी पिठाची एक गिरणी तिच्या सुटीच्या दिवशी मागून घेतली आणि आत बसोन कॅसेट भरली. गिरणीच्या दारावर ‘उद्या बंद’ ऐशी पाटी आदले दिवसापासून लटकत होती, ती हैबतींस आवडली, आणि तेच नाव अल्बमास दिधले. हे नाव पुढे नडले.

त्या काळी कोणतेही गाणे दिवाणांस विचारल्यावाचून बाजारात जात नसे. दिवाण सखोपंत कुरुंदे, मोठे करडे गृहस्थ. त्यांनी रखमाजींस बोलावून पुसिले की हे संगीत कोणत्या जातीचे. रखमाजींनी अर्ज केला की पर्यायी रॉक. दिवाणांनी पुसिले, पर्याय कशाला? रखमाजी भोळेपणी बोलिले की सध्या जे चालले आहे त्याला. हे ऐकताच दिवाणांची मुद्रा पालटली, दारे लाविली गेली, हे बंड आहे किंवा कैसे याची मसलत बसली, आणि सरदारांनी अल्बम उलटा सुलटा करोन पाहिला. अखेर हैबतींनी खिशातून चिवडा काढोन सर्वांस वाटला, आणि चिवडा वाटणारा मनुष्य बंड करीत नाही ऐसे ठरोन परवानगी मिळाली.

मग अल्बम बाजारात गेला. दुकानदारांनी दारास मोठी जाहिरात चिकटविली. गिऱ्हाईक येई, ‘उद्या बंद’ वाचोन म्हणे की उद्याचे आजच घेतले पाहिजे, आणि तेल, मीठ, साबण घेवोन जाई. कॅसेटीकडे कोणी पाहीना. दुसरे दिवशी तर गिऱ्हाईकच येईना, तेव्हा दुकानदारांनी जाहिराती फाडोन टाकल्या. त्यात त्याच दिवशी सरकारी गर्जनामंडळाचाही अल्बम निघाला. त्यांचे सोळा शिंगवाले, हत्तीवर नगारा, आणि प्रत्येक गाण्याचे शेवटी खरी तोफ. सारे शहर तिकडे धावले. ‘उद्या बंद’च्या कॅसेटी पोत्यात भरोन सरकारी गोदामात गेल्या. रखमाजी पुन्हा भांडी ठोकू लागले, गोदूबाई माहेरी वीटभट्टीवर गेल्या, हैबती सरकारी मुदपाकखान्यात लागले आणि तेथे मात्र सुखी जाहले.

वर्षे गेली. गर्जनामंडळाचा अल्बम लोकांस इतका ठाऊक झाला की कोणी ऐकेनासे झाले, तोफ तेवढी मोजीत. आणि इकडे गोदामाच्या पोत्यास उंदराने भोक पाडिले आणि एकेक कॅसेट बाहेर जाऊ लागली. ती कोणास सापडे, तो सहज ऐके, आणि मग दुसरे काही ऐकेना. राणीसाहेब पदराआड कानात ऐकावयाची बोंडे घालोन बसू लागल्या. कोतवाल यमाजी शिळीमकर गस्तीत मध्येच थबकत आणि आकाशाकडे पाहात. राजवैद्य नाडी पाहताना पायाने ठेका धरीत, त्यामुळे कित्येक रोगी धडधाकट असोन घाबरले. परंतु मौज ऐसी की प्रत्येकास वाटे, हा अल्बम जगात आपणास एकट्यास ठाऊक आहे. कोणी कोणास सांगेना.

अशात दिवाणांनी हुजुरात मसलत मांडली की गोदामात निरुपयोगी कॅसेटी पडल्या आहेत, त्या वितळवोन गर्जनामंडळास बसावयास खुर्च्या कराव्या. महाराजांनी होय म्हटले आणि दवंडी पिटली गेली. दुसरे दिवशी सकाळीच राणीसाहेब गोदामापाशी आल्या आणि पहारेकऱ्यास म्हणाल्या की आम्ही उंदीर पाहावयास आलो. कोतवालही आले, तेही उंदीर पाहावयास. राजवैद्य आले, त्यांस उंदराचे औषध करावयाचे होते. तिघे पोत्यापाशी ओणवे जाहले आणि कोतवाल नकळत तिसरे गाणे गुणगुणले, तो राणीसाहेबांनी पुढील ओळ म्हटली आणि राजवैद्यांनी ठेका दिला. मग तिघांनी एकमेकांकडे पाहिले. येथे आनंद व्हावा, तो न होता तिघांसही भारी राग आला. राणीसाहेब बोलिल्या की हे आमचे. कोतवाल बोलिले की राणीसरकारांच्या आधीपासोन आम्ही ऐकतो. तोवर दवंडी ऐकोन अर्धे शहर गोदामापाशी जमले होते, सारे उंदीर पाहावयास. मग कोण आधी ऐकत होते यावरून तंटा लागला, त्यातून कॅसेटीची पहिली बाजू थोर की दुसरी, यावरून दोन फळ्या पडल्या, बाप एका फळीत आणि लेक दुसरीत, आणि तलवारी बाहेर आल्या.

खबर महाराजांस गेली. खासा स्वारी आली. त्यांनी दोन्ही फळ्यांस दटाविले आणि आज्ञा केली की हे वाजविणारे जिवंत असतील तर दरबारात आणोन बसवा. लोकांनी मान डोलाविली तर कॅसेटी राहतील, न डोलाविली तर खुर्च्या होतील.

जासूद सुटले. हैबती मुदपाकखान्यातच सापडले. गोदूबाई विटा सोडोन तैशाच निघाल्या. परंतु रखमाजी हातोडा खाली ठेवीनात. त्यांनी जासुदास सांगितले की आपण तो अल्बम निघाल्यापासोन एकदाही ऐकिला नाही, कारण त्यात मोठी चूक राहिली आहे. पाचव्या गाण्याचे ऐन मध्यात गोदूबाईंच्या हातची काठी पडली आणि सर्व वाद्ये थांबली, मग बाईंनी काठी शोधोन पुन्हा सुरुवात केली. गिरणी एका दिवसाचीच मिळाली होती, म्हणोन ते तैसेच राहिले. अल्बम पडला तो त्या काठीमुळे, ऐसे रखमाजींनी तेव्हा गोदूबाईंस तोंडावर म्हटले होते, आणि त्यानंतर दोघांत बोलणे राहिले नव्हते. जासुदाने बहुत समजाविले, अखेर रखमाजी आले ते या एका अटीवर की चूक दुरुस्त करावयाची.

मग तिघांनी मेहनत केली. रखमाजी आणि गोदूबाई एकमेकांशी ठेक्यापुरते बोलत, बाकी निरोप हैबतींकडोन जात. पाचवे गाणे घासोन पुसोन लख्ख केले.

दरबार भरला. गर्जनामंडळ हत्तीसह एका अंगास उभे राहिले. पहिली चार गाणी जाहली आणि माना ऐशा डोलल्या की पगड्या सैल झाल्या. पाचवे लागले. मध्य जवळ आला, तैसा सर्व दरबाराने श्वास रोखिला, राणीसाहेबांनी डोळे मिटले, आणि गोदूबाईंनी बिनचूक, न थांबता, गाणे पार नेले. दरबारात कल्लोळ जाहला. दोन्ही फळ्या प्रथमच एक होवोन ओरडल्या की चूक कोठे गेली? रखमाजी गोंधळले. त्यांनी हात जोडोन अर्ज केला की चूक काढोन टाकिली, आता गाणे निर्दोष आहे.

तेव्हा दिवाण सखोपंत आपले जागेवरून उठले. सर्वांस वाटले की आता हे वितळविण्याची आज्ञा मागतील. परंतु ते वाजविणारांकडे वळले.

“आमचे कुटुंब गेले त्या वर्षी घरात बोलावयास माणूस नव्हते,” दिवाण बोलिले. “दोष काढावा म्हणोन ही कॅसेट लावली. पाचव्या गाण्यात एकाएकी सगळे थांबले. आम्हांस वाटले, कोणी आमच्यासाठी थांबले. रोज तेथे बसतो. आज तुम्ही थांबला नाहीत.”

महाराज चकित जाहले. त्यांनी पुसिले की मग खुर्च्या करावयास का निघालात?

“दुसऱ्या कोणी ऐकू नये म्हणोन,” दिवाणांनी खाली पाहोन सांगितले.

हे ऐकोन कित्येकांनी माना खाली घातल्या, कारण प्रत्येकाच्या मनात तेच होते. रखमाजी हैबतींकडे निरोप न देता स्वतः वळले.

“गोदूबाई, मी इतकी वर्षे ती काठी तुमच्या माथी मारली,” ते बोलिले. “माझे चुकले. आता हवी तेथे सोडा. मी थांबतो.”

“मुद्दाम पाडली तर ती तशी पडायची नाही,” गोदूबाई म्हणाल्या. “पण बघते.”

पाचवे गाणे पुन्हा लागले. मध्य आला. गोदूबाईंनी काठी सोडू की नको ऐसे केले, इतक्यात ती खरेच निसटली, गडगडत गेली आणि सिंहासनाखाली शिरली. सर्व वाद्ये थांबली. दरबारात ऐसी शांतता पडली की हत्तीनेही कान हलविणे सोडिले. रखमाजींनी ती जागा उभ्या जन्मात प्रथमच नीट ऐकिली, त्यांचे डोळे भरोन आले, आणि पुढे गाणे आहे हेच ते विसरले. गोदूबाई काठी शोधीत होत्या, ती सापडेना. मग महाराज स्वतः सिंहासनावरून उतरले, ओणवे जाहले, खालून काठी काढिली, जरीच्या शेल्याने पुसली, आणि बाईंच्या हाती दिधली. तेव्हा गाणे पुढे गेले.

तात्पर्य, कॅसेटी वाचल्या, त्या घरोघर गेल्या, आणि आमचेच आधी ऐसे सर्व म्हणतात. गर्जनामंडळ उभे राहूनच वाजविते. रखमाजी, गोदूबाई आणि हैबती यांनी पुढील साली दुसरा अल्बम काढिला, तो पहिल्याहोन उत्तम आहे ऐसे तिघे सांगतात. तो अद्याप कोणी ऐकिला नाही. लोक म्हणतात, घाई काय आहे. बहुत काय लिहिणे.