पिन्हासचा चुन्याचा पट्टा

"बॉम्बेत भायखळ्याच्या नाक्यावर मी नुसता हात केला की ट्राम थांबायची, ट्राम!" पिन्हास केहीमकरने टोपी चढवत बायकोला बजावलं.

"आणि इथे इस्रायलात, या नेतिवोत गावात, गाढवसुद्धा थांबत नाही," हिल्डा म्हणाली.

आज थांबणार होतं! त्रेसष्ट साल चालू होतं. शाळेतल्या पोरांना रस्ता ओलांडायला शिकवायची पिन्हासची नोकरी पक्की करायची की नाही, हे बेर-शेवाहून येणारे इन्स्पेक्टर ठरवणार होते. नाही झाली, तर परत उन्हात झाडांसाठी खड्डे खणा! सकाळपासून बिचाऱ्याचा पाय एका जागी ठरेना.

तयारी चोख होती. रस्त्यावर चुन्याचे पट्टे ओढले होते. पोरांकडून घोकून घेतलं होतं: इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून आधी डावीकडे बघा, मग उजवीकडे, गाडी थांबली की ओलांडा, मागे कुणी राहायचं नाही! सरावाला मात्र गाडी कुठली मिळायला? पिन्हासच तोंडाने भोंगा वाजवत गाडी व्हायचा.

साहेब बसने येणार म्हणून तो शाळेसमोरच्या थांब्यावर येरझारा घालत होता. तेवढ्यात आली एक जीप. खरीखुरी गाडी! पोरांचा सणच! हात वर करून अख्खा वर्ग रस्ता ओलांडून पिन्हासकडे आला. शाळा तिकडे, म्हणून परत गेला. मजा वाटली, म्हणून पुन्हा आला! जीपवाला भोंगा वाजवून वाजवून थकला.

"ए बाबा, गप्प बस ना!" पिन्हास खेकसला. "आमचे इन्स्पेक्टर यायचेत!"

"आलेत," जीपवाला म्हणाला.

पिन्हासचं धाबंच दणाणलं! साहेबांची जीप शाळेच्या फाटकात शिरली, तसा हा मागोमाग धावला. धावण्याआधी बघितलं हं त्याने, अगदी नीट बघितलं! पण मान पडली बॉम्बेची. ती सवयीने वळली उजवीकडे. रस्ता मोकळा! आणि डावीकडून आली बस!

"आदोन पिन्हास, स्मोला! डावीकडे!" पहिलीतल्या ओरनाने त्याचा सदरा पकडला, ओरनाला मागच्या पोरांनी पकडलं, आणि सगळ्यांनी मिळून आपल्या आदोनला, म्हणजे पिन्हाससाहेबाला, धुळीत बसवलं. बस करकचून थांबली, ती बरोबर चुन्याच्या पट्ट्यावर.

इन्स्पेक्टर फाटकातून सगळं बघत होते.

"मुलं उत्तम तयार केलीत," ते म्हणाले. "नोकरी पक्की!"

"थँक्यू सर!" पिन्हास धुळीतूनच ओरडला.

"एका अटीवर."

तेव्हापासून रोज सकाळी पिन्हास टोपी, शिट्टी, पांढरा पट्टा अशा थाटात दारात उभा राहायचा. ओरना यायची आणि त्याचा हात धरायची. मग हिल्डा खिडकीतून हाक मारायची, "सांभाळून ने गं बाई, पक्क्या नोकरीवाला आहे!"