आधी पापुद्रा, मग भजी

चातुर्मासात कांदा बंद, म्हणून कांदेनवमीला गल्लीतले आम्ही विनायकराव मास्तरांकडं भज्यांना जमायचो. पण तिथं भजं तोंडात पडायच्या आधी खुर्दबिनीला डोळा लावावा लागे. खुर्दबीन म्हणजे सूक्ष्मदर्शक. निजामाच्या राज्यात जालन्याच्या शाळेत सगळं उर्दूतच, त्यामुळं मास्तर पेशीलाही खलिया म्हणत. छावणीतल्या डॉक्टराकडून घेतलेली ती पितळी खुर्दबीन त्यांनी देव्हाऱ्याशेजारी मांडली होती. बायको गेल्यावर घरात सोबतीला तेवढीच.

काचेवर कांद्याचा पापुद्रा, वर लाल शाईचा थेंब. मग सवाल ठरलेला, "काय दिसून राह्यलं? बिगर देखे बोलायचं न्हाई."

शेजारचे मारवाडी शेठ कांद्याला शिवत नसत. त्यांना मास्तरांनी त्यांचंच गाळलेलं पाणी खुर्दबिनीखाली दाखवलं, त्यात जीव वळवळत होते. शेठ तेव्हापासून पाणी चारदा गाळू लागले आणि मास्तरांशी बोलायचे बंद झाले.

मी आपला भज्यांचा गुलाम. एकदा नीट पाहिलं, मग दरसाल न बघताच पाठ म्हणायचो. विटांची भिंत, दर विटेत एक ठिपका. पूर्वी मास्तर स्वतः वाकून ताडून बघत, लबाडी सापडली की भजी बंद. गेली दोन वर्षं मात्र सगळं खपून चाललं होतं. म्हातारा मवाळ झाला, असं मी बायकोला सांगितलंही. ती बिचारी त्यांच्याच चुलीवर भजी तळत होती.

त्या नवमीला कोण जाणे का, मी खरंच डोळा लावला. काच कोरी. पापुद्रा मास्तरांच्या पायाशी पडलेला, आणि ते माझं तोंड सोडून भलतीकडंच बघत उत्तराची वाट पाहत होते.

"मास्तर, काचेवर काहीच न्हाई."

त्यांनी बोटानं काच चाचपली. मग म्हणाले, "मोतीबिंदू हाय रे. दोन सालांपासून नुसतं धुकं. तू सांगतोस तेवढंच मी बघतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं मी त्यांना शिळी भिंत वाढत होतो.

पापुद्रा उचलला, धुतला, काचेवर अंथरला, शाई टाकली. डोळा लावला आणि सांगू लागलो. पहिली वीट लांबट हाय. ठिपका मधोमध न्हाई, कडेला सरकलाय. दुसरी तिला चिकटून, जरा वाकडी.

आतून बायको हाका मारत होती, भजी गार होत होती. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते.

"जल्दी नको करू," ते म्हणाले. "तिसरी सांग."